किंमत उतरण्याची वाट

किंमत मागणी व पुरवठा यांवर ठरते, हे वाक्य आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी अकरावीपासून पाठ करीत आलो आहोत. मला ते खरे उमगले ते दोन यंत्रांमुळे. एक, आमच्या डिचोलीच्या घरासमोर उभा असलेला बाबांचा ट्रक. दुसरे, म्हापशाच्या एका दुकानात काचेमागे ठेवलेला व्हिडिओ गेमचा कन्सोल. ट्रकची किंमत चढावी म्हणून बाबा थांबले होते. कन्सोलची उतरावी म्हणून मी थांबलो होतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः माझ्या थांबण्याचा हिशेब मांडला आहे.

मी थांबलो तो काही आळसाने नव्हे. त्याला आधार होता. प्लेस्टेशन २ हा कन्सोल ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला विक्रीस आला. मे २००२ मध्ये तो १९९ झाला, २००३ मध्ये १७९, २००४ मध्ये १४९, २००६ मध्ये १२९ आणि एप्रिल २००९ मध्ये ९९ डॉलर. म्हणजे साडेआठ वर्षांत किंमत एक तृतीयांशावर आली. जगभर १५ कोटींहून अधिक नग खपले, ते काही पहिल्याच किमतीला नव्हे.

ही किंमत का उतरली? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण उत्पादन खर्चाचे. चिप जितकी लहान, तितक्या जास्त चिपा सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघतात. प्लेस्टेशन २ मधील दोन मुख्य चिपा पुढे एकाच चिपेत सामावल्या. भाग कमी झाले, वीज कमी लागू लागली, खोकेही लहान झाले.

दुसरे कारण ग्राहकांच्या खिशाचे. नवी वस्तू हौशी माणूस चढ्या भावाने घेतो. तो वर्ग संपला की विक्रेता एक पायरी खाली उतरतो आणि पुढच्या वर्गाला बोलावतो. शिवाय कंपनीची खरी मिळकत कन्सोलपेक्षा त्यावर चालणाऱ्या खेळांच्या विक्रीतून होते. म्हणून कन्सोल थोड्या नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकणे तिला परवडते.

तिसरे कारण स्पर्धेचे. मे २००२ मध्ये सोनीने भाव उतरवताच मायक्रोसॉफ्टनेही आपला एक्सबॉक्स २९९ वरून १९९ डॉलरवर आणला.

आपल्याकडे यात आणखी एक घटक येतो, तो म्हणजे कर. १ जानेवारी २०१९ पासून कन्सोलवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. वरवर पाहता दहा टक्के स्वस्ताई वाटते. पण १०० रुपयांची वस्तू १२८ ऐवजी ११८ ला मिळाली, तर ग्राहकाची बचत १२८ वर १० रुपये, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात!

आता माझ्याकडे वळतो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला, तेव्हा मी दहावीत होतो. वरील हिशेब मांडून मी ठरवले, तीन वर्षे थांबायचे. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवू लागलो. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये किंमत उतरण्याऐवजी ५४,९९० झाली! कारणे शोधली. २०२१ च्या आरंभी ७३ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर ८२ च्या घरात गेला होता. महागाई जगभर होती. आणि चिप लहान केली की ती पूर्वीसारखी स्वस्त होतेच, असेही आता राहिलेले नाही. अमेरिकेतही ४९९ डॉलरचा हा कन्सोल ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ चा झाला. सणासुदीच्या सवलती मिळतात हे खरे, पण सवलत संपली की भाव पुन्हा जागेवर.

पेडण्याच्या माझ्या आतेभावाने मात्र २०२२ च्या चवथीला ४९,९९० रुपये मोजून तो घेतला होता. पुढच्या तीन वर्षांचा हिशेब धरला तर त्याला महिन्याला सुमारे १,४०० रुपये पडले. तो मला म्हणाला, "तू थांबलास, मी खेळलो." थांबण्यालाही किंमत असते, हे मी आकडेमोडीत धरलेच नव्हते.

बाबांच्या ट्रकचेही असेच झाले. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या. आमच्या भागात ट्रक विकणारे अनेक आणि घेणारा कोणी नाही, अशी स्थिती आली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या होत्या आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाल्या होत्या. तेव्हा या वेळीही तसेच होईल, असे धरून बाबा थांबले. ट्रक पावसात गंजला आणि शेवटी मिळेल त्या भावाला द्यावा लागला. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

वाचकहो, आम्हा दोघांची चूक एकच. मागच्या खेपेला काय झाले ते आम्ही पाहिले. ते कशामुळे झाले आणि ते कारण आज शिल्लक आहे का, हे पाहिले नाही. किंमत आपोआप उतरत नाही, चढतही नाही.

माझे साठवलेले पैसे अजून डिचोलीच्या बँकेत आहेत. धाकटा भाऊ विचारतो, "दादा, कधी घेणार?" पूर्वी मी "स्वस्त झाला की" असे उत्तर देत असे. आता त्याला जवळ बसवून वरचा सगळा हिशेब दाखवला आहे. या चवथीपूर्वी दोघांनी मिळून काय ते ठरवायचे आहे.