शेंदरी बोंडअळी आणि निसर्गाची निवड

“बीटी कपाशी लावूनही बोंडात अळी कशी?” हा प्रश्न कपाशीच्या भागात गावोगावी विचारला जातो. अळीने हळूहळू विष पचविण्याची सवय लावून घेतली, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः एकटी अळी बदलत नाही; बदलते ती अळ्यांची पिढी.

समजा, एका शेतात हजार अळ्या आहेत. दिसावयास त्या सारख्या, परंतु त्यांपैकी दोन-चार अळ्यांच्या अंगी विष सोसण्याचा गुण जन्मतःच असतो. बाकीच्या मरतात, ह्या उरतात आणि पुढील पिढी त्यांचीच होते. शेतकरी बियाण्यासाठी उत्तम कणीस निवडून ठेवतो, तशीच ही निवड होय. हिलाच नैसर्गिक निवड म्हणतात.

वाचलेल्या पतंगास जोडीदार कोणता मिळतो, ह्यालाही फार महत्त्व आहे. मादी रात्री गंध सोडते व नर त्या गंधाच्या मागाने येतो. शेजारी साध्या कपाशीचा पट्टा असेल, तर तेथे विष न सोसणारे पतंग पुष्कळ वाढतात. त्यांच्याशी मीलन झाल्यास संततीस तो गुण एकाच बाजूने मिळतो व अशा बहुतेक अळ्या बीटी कपाशीवर मरतात. पट्टा नसेल, तर सोसणाऱ्याची गाठ सोसणाऱ्याशीच पडते.

भारतात बीटी कपाशीस 2002 साली परवानगी मिळाली. त्या काळी पाकिटासोबत साध्या बियाण्याची 120 ग्रॅमची पुडी मिळे. पुष्कळांनी ती पेरलीच नाही. शिवाय फरदडीमुळे अळीस दीर्घकाळ अन्न मिळत राहिले. 2017 च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यात मोठे नुकसान झाले. ह्याउलट अमेरिकेतील ॲरिझोनात 1996 पासून साध्या कपाशीचे पट्टे राखले गेले व बीटीचा गुण टिकला. 2006 पासून तेथे वांझ पतंगही सोडण्यात आले. 2018 साली अमेरिकेच्या कपाशी क्षेत्रातून ही अळी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

आपल्याकडे सोसणारी अळी आता सर्वत्र पसरली आहे. म्हणून तिचे अन्न व मीलन ह्या दोहोंवर घाव घातला पाहिजे.

1. फरदड घेऊ नये. वेचणी संपताच पऱ्हाट्या उपटून त्यांची विल्हेवाट लावावी.
2. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग आढळल्यास उपाय योजावा.
3. डोमकळ्या वेचून अळीसह नष्ट कराव्यात.
4. एकच कीटकनाशक पुनःपुन्हा फवारू नये. त्यानेही हीच निवड घडते.

पतंगास बांध ठाऊक नसतो. एकाने फरदड ठेवली, तर साऱ्या शिवारास उपद्रव होतो. म्हणून कार्यकर्त्यांनी हे काम एकेका शेताचे न मानता गावाचे मानावे व हंगामापूर्वीच गावसभेत हा विषय मांडावा.