आईवडील आजारी असताना

वाचन : मार्क १:२९-३१



येशू पेत्राच्या घरी आला तेव्हा पेत्राची सासू तापाने अंथरुणावर होती. घरच्यांनी काय केले? त्यांनी लगेच तिच्याविषयी येशूला सांगितले. त्यांनी आजार लपविला नाही आणि आपल्या काळजीची लाजही धरली नाही.

आपल्या घरी मात्र आईच्या किंवा वडिलांच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला की आपण उलट वागतो. आजाऱ्याला ‘साधी गाठ आहे’ म्हणून सांगतो. शेजाऱ्यांना कळू देत नाही. फादरांनाही बोलावत नाही, कारण ‘फादर घरी आले तर आईला वाटेल, आपले संपले.’ मग रात्री एकटेच जागे राहतो आणि स्वतःलाच विचारतो, ‘माझी श्रद्धा कमी पडते का?’

नाही. काळजी वाटणे म्हणजे श्रद्धा नसणे नव्हे. गेथसेमनी बागेत स्वतः प्रभू व्याकूळ झाला. त्याने तिघा शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती केली (मत्तय २६:३६-३८). काळजी ही प्रेमातूनच येते. ती मनात कोंडून ठेवायची की कोणाला तरी सांगायची, एवढेच आपल्या हाती असते.

संत छोट्या तेरेजाच्या घरची गोष्ट आपल्याला बरेच शिकवते. फ्रान्समधील आलांसों गावी तिची आई झेली मार्टिन हिला स्तनाचा कॅन्सर झाला. १८७७ च्या जून महिन्यात तीन मोठ्या मुलींना घेऊन ती लुर्ड्सच्या यात्रेला गेली, पण बरी झाली नाही. आजारपणात धाकट्या सेलिन आणि तेरेजा यांना दिवसभर नातेवाइकांच्या घरी ठेवीत. ते परकेपण तेरेजा कधी विसरली नाही. परंतु आईला रुग्णाभ्यंग संस्कार दिला तेव्हा पाचही मुली खोलीत होत्या. तेरेजा जेमतेम साडेचार वर्षांची होती, तरी तो प्रसंग तिने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिला. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली देवाघरी गेली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी तिला आणि तिचे पती लुई यांना संत घोषित केले. या घराची प्रार्थना मागितल्याप्रमाणे ऐकली गेली नाही, तरीही कोणी प्रार्थना सोडली नाही.

मग आपण काय करावे?

१. आजचा दिवस आजच्यापुरता पाहू या (मत्तय ६:३४). केमोथेरपी महिनोन्महिने चालते. पुढच्या रिपोर्टचा विचार आज करून काही हाती लागत नाही. एक वही ठेवावी. तिच्यात औषधे, ताप आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहावेत. केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला तर सकाळची वाट पाहू नये, ताबडतोब रुग्णालयाशी संपर्क साधावा. झाडपाल्याची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

२. आजाऱ्याला विचारू या. किती जाणून घ्यायचे आहे, कोणाला भेटायचे आहे, हे आईलाच विचारावे. बऱ्याचदा तिला सारे उमगलेले असते आणि आपल्याला त्रास नको म्हणून तीही गप्प असते.

३. ओझे वाटून घेऊ या. पहाटेची लोकल पकडून परळच्या टाटा रुग्णालयात प्रत्येक वेळी एकाच मुलीने का जावे? भावंडांनी पाळी लावावी. शेजाऱ्यांनीही ‘काही लागले तर सांगा’ एवढ्यावर थांबू नये, ‘बुधवारी डबा आम्ही आणतो’ असे म्हणावे. सर्दी-खोकला असेल तर मात्र भेटीला न जाता घरीच रोझरी म्हणावी.

४. फादरांना वेळेवर बोलावू या. रुग्णाभ्यंग हा केवळ मरणाऱ्यांचा संस्कार नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले. गंभीर आजाराच्या सुरुवातीला, मोठ्या ऑपरेशनपूर्वी तो घेता येतो. आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. तो बळ देणारा संस्कार आहे. आईला हे आधीच समजावून सांगितले तर ती घाबरणार नाही.

विचार करू या :
• आपल्या घरातील आजाऱ्याशी आपण मोकळेपणाने बोलतो का?
• आपल्या वाडीत कोण एकटेच आजाऱ्याची सेवा करीत आहे? या आठवड्यात आपण त्यांच्यासाठी कोणते एक काम करू?

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या आजारी आईवडिलांविषयी आम्ही तुला सांगत आहोत. त्यांना बरे कर, ही आमची इच्छा आहे. तुझी इच्छा वेगळी असेल तर आम्हांला त्यांच्याजवळ बसण्याचे धैर्य दे. पवित्र मरियामाते, तू आपल्या पुत्राच्या क्रुसापाशी उभी होतीस, आमच्याही बाजूला उभी राहा. आमेन.