गाडी आपली, रस्ता कुणाचा?



घरभेटीला गेलो की पूर्वी कुंपणाची, पाटाच्या पाण्याची नाही तर शेजारच्या माडाच्या झावळ्यांची भांडणे कानी येत. आता वसईतल्या आपल्या बऱ्याच आळ्यांत तक्रार एकच, गाडीची. "फादर, त्यांची व्हॅन दोन पावसाळे आमच्या दारासमोर सडतेय. रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे?" पलीकडच्या घरी गेलो तर तिथेही शेवटचा प्रश्न तोच! तेव्हा रस्ता खरोखर कुणाचा, यावर आज थोडा विचार करू या.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालकी आणि वापर यांत फरक केला. वस्तू मिळवण्यासाठी व सांभाळण्यासाठी खाजगी मालकी योग्य आहे, असे ते मानत. कारण जे सर्वांचे असते त्याची काळजी प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो. वापराच्या बाबतीत मात्र माणसाने वस्तू केवळ आपलीच न समजता गरजवंतासाठी हात मोकळा ठेवावा. सेमिनरीत आम्ही हे शेत आणि धान्याच्या संदर्भात शिकलो. आळीतल्या रस्त्यालाही ते लागू पडते. गाडी आपली आहे, तिच्या चाकांखालची जमीन आपली नाही. तिथे आपल्याला फक्त वापर मिळतो, तोही पाळीपाळीने. रात्री गाडी लावून सकाळी नेणारा रस्ता वापरतो. बंद गाडी दोन वर्षे ठेवणारा पन्नास-साठ चौरस फूट जागा सातबाऱ्यावर नाव न चढवताच आपली करून टाकतो. आणि 'आमच्या दारासमोर कुणी लावायची नाही' म्हणून रस्त्यावर कुंड्या आणि दगड मांडणाराही तेच करतो, हे तक्रार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस अथवा लक्ष न देता सोडलेली गाडी उचलून नेण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. उचलण्याचा खर्च मालकावर, दंड वेगळा. दहा तास म्हणजे संध्याकाळी कामावरून आल्यापासून सकाळपर्यंतचा वेळ. अक्षरशः लावला तर निम्मी आळी उचलावी लागेल! म्हणून कायद्याने अधिकार दिला आहे, सक्ती केलेली नाही. कुठे वापरायचा याचे तारतम्य ठेवावे लागते. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी पुस्तक परत करावे, असे कलम ५५ सांगते. हे कलम आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

निर्गमच्या पुस्तकात (२१:३३-३४) उघड्या खड्ड्याचा नियम आहे. खड्डा खणून तो झाकला नाही आणि त्यात कुणाचा बैल पडला, तर भरपाई खड्डेवाल्याने द्यायची. त्याने काही वाईट हेतूने केले का, हे कुणी विचारत नाही. बंद गाडीचेही तसेच. फुटक्या टायरात, उघड्या टपात पावसाचे पाणी साचते आणि आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. आपले अरुंद रस्ते मोटारींसाठी आखलेले नाहीत. वळणावर एक गाडी कायमची उभी राहिली की रुग्णवाहिकेला मागे हटत जावे लागते.

तरीही शेजाऱ्याला बेजबाबदार ठरवण्याआधी गाडीमागची कथा ऐकावी. कुठे ती वारलेल्या वडिलांची असते; आईला ती नजरेआड करवत नाही. कुठे मुलगा आखातात आणि कागद त्याच्या नावावर, कुठे बँकेचे कर्ज बाकी. अशा घरांना टोमणे नकोत, माहिती हवी. उदाहरणार्थ, वैतागून गाडी भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. नोंदीत आपले नाव राहिले आणि ती गाडी पुन्हा रस्त्यावर येऊन अपघात झाला, तर भरपाई नोंदीतल्या मालकाकडे मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्रे आहेत. तिथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते.

मत्तय १८:१५-१७ मध्ये प्रभूने वाद मिटवण्याचा क्रम घालून दिला आहे. आधी एकट्याने जाऊन बोला, मग एक-दोघांना सोबत न्या, मग मंडळीला सांगा. आमच्या पाहण्यात बहुतेक भांडणे पहिली पायरी गाळल्याने चिघळतात. कुणी व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो, कुणी रात्री टायरची हवा काढतो. हवा काढल्याने गाडी आणखीनच हलत नाही, एवढे तरी लक्षात यायला हवे. दोनतीनदा शांतपणे बोलूनही काही झाले नाही, तर वाहतूक पोलिसांकडे किंवा महापालिकेकडे लेखी अर्ज देण्यात प्रेमाविरुद्ध काहीच नाही. अर्ज सहीनिशी द्यावा, निनावी नको.

मालक वारला असेल तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. ज्यांचे हे काम राहिले आहे त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर कार्यालयात यावे. फॉर्म भरून देणारी मंडळी तिथे असतील. येताना नोंदणी पुस्तक आणि मृत्यूचा दाखला आणावा.