कालव्याकाठचे शास्त्र : पर्यावरणशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे ऊस व पाटपाणी यांवर वाढलेले गाव. अकोले तालुक्यात भंडारदरा येथे प्रवरा नदीवर बांधलेले धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. ओझर येथील बंधाऱ्यातून निघालेल्या डाव्या व उजव्या कालव्यांनी नदीचे दोन्ही काठ भिजविले आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस उभा राहिला. पुढे सहकारी साखर कारखानदारीने या परिसरात समृद्धी आणली. मात्र याच पाण्याने काही जमिनी नापीकही केल्या. पर्यावरणशास्त्र ही पदवी कशासाठी घ्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर अशा जमिनींतच सापडते.

एका वावराचा धडा

भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा मंद असतो. पिकाला प्रमाणाबाहेर पाणी दिले, तसेच कालव्यातून पाणी पाझरत राहिले, की भूजलाची पातळी वर येते. केशाकर्षणाने हे पाणी पृष्ठभागाशी पोचते, उन्हाने उडून जाते आणि त्यातील क्षार मागे उरतात. शेतकरी अशा जमिनींना खारवट, चोपण, चिबड अशी वेगवेगळी नावे देतो. ही नावे केवळ बोलीची नव्हेत. त्यांमागे शास्त्रीय भेद आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक असल्यास जमीन खारवट मानतात. विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असल्यास ती चोपण ठरते. जिच्यात पाणी साचून राहते, ती चिबड.

हा भेद न ओळखता उपाय केल्यास पैसा व हंगाम दोन्ही वाया जातात. खारवट जमिनीत निचऱ्याची सोय करून गोड्या पाण्याने क्षार धुता येतात. चोपण जमिनीत आधी जिप्सम घालून सोडियमच्या जागी कॅल्शियम आणावे लागते. नुसत्या पाण्याने ती अधिकच घट्ट होऊ शकते. शिवाय निचऱ्याचे क्षारयुक्त पाणी शेवटी ओढ्यात व नदीत जाते. खालच्या गावाने ते का सोसावे, हा प्रश्न कायद्याचा व सामोपचाराचा आहे. अशा रीतीने एका वावराच्या दुखण्यात रसायनशास्त्र, भूशास्त्र, कृषिशास्त्र, कायदा व समाजशास्त्र एकत्र येतात. ही विद्याशाखा त्यांचा एकत्र विचार करावयास शिकविते.

सक्तीचा विषय आणि पदवी

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण-शिक्षणाविषयी निर्देश दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण अभ्यासाचा समान पाठ्यक्रम तयार केला. पुण्याचे डॉ. एरक भरुचा यांनी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. हा विषय नागरिक म्हणून जाण येण्यासाठी आहे. पर्यावरणशास्त्रातील विज्ञान पदवी ही त्याहून निराळी. तिच्यात प्रयोगशाळा व क्षेत्रकार्य यांना मध्यवर्ती स्थान असते.

या पदवीत सामान्यतः परिस्थितिकी, पर्यावरणीय रसायनशास्त्र, मृदा व जलविज्ञान, प्रदूषण नियंत्रण, जैवविविधता, संख्याशास्त्र, उपग्रह-प्रतिमांचा वापर आणि पर्यावरणविषयक कायदे यांचा समावेश असतो. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा, १९८१ चा वायुप्रदूषण कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांची ओळख आवश्यक ठरते. महाराष्ट्राने तर १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला व १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले.

प्रवेशापूर्वी विचार

बारावी विज्ञान शाखेनंतर या पदवीस प्रवेश घेता येतो. रसायनशास्त्र व गणित यांचा पाया कच्चा असल्यास पुढे अडचण येते. केवळ निसर्गप्रेम पुरेसे नाही. सांडपाण्याचा नमुना घेऊन त्याची जैवरासायनिक प्राणवायू-मागणी २७ अंश सेल्सियस तापमानास तीन दिवसांनी मोजण्याची चिकाटी हवी. महाविद्यालय निवडताना प्रयोगशाळा कशी आहे आणि विद्यार्थ्यांना शिवारात किती वेळा नेले जाते, हे अवश्य विचारावे.

नोकरीबाबतही स्पष्ट कल्पना असावी. पाणी व माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा, कारखान्यांतील सांडपाणी शुद्धीकरण विभाग, सल्लागार संस्था, नगरपरिषदांची घनकचरा कामे ही प्रमुख क्षेत्रे होत. मात्र अनेक वरिष्ठ पदांसाठी पदव्युत्तर किंवा अभियांत्रिकीची पदवी मागितली जाते. त्यामुळे पहिली पदवी हा प्रवासाचा आरंभ समजावा.

परिसर हीच प्रयोगशाळा

राहुरी तालुक्यातील विद्यार्थ्यास अभ्यासाचे साहित्य दूर शोधावे लागत नाही. कालवा, ऊस, साखर कारखानदारी, मुळा धरण आणि १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ ही सर्व याच तालुक्यात आहेत. गावातील पाच विहिरींचे पाणी उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर तपासावे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत आहे काय, हे पाहावे आणि आकडे ग्रामस्थांसमोर मांडावेत. एवढ्यानेही अभ्यासास आरंभ होतो. पाणी आणणे हे मागील पिढ्यांचे कर्तृत्व होते. ते पाणी जमिनीला न मारता वापरणे हे पुढील पिढीचे काम आहे. त्यासाठी लागणारी नजर आणि मोजमापाची शिस्त ही विद्या देऊ शकते.