सडाची जखम व काससुजी

दुभत्या जनावराच्या सडास झालेली जखम दिसावयास लहान, परंतु परिणामानें मोठी असते. तिची हयगय झाल्यास कासेंत दाह उत्पन्न होतो, प्रसंगीं तो सड कायमचा बाद होतो आणि जनावराचें मोल उतरतें. म्हणून ह्या विषयाचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

सडाच्या टोंकास बारीक छिद्र असतें. दोन धारांच्या मधल्या वेळांत तें आवळून मिटलेलें राहतें व रोगजंतूंस आंत शिरूं देत नाहीं. कांटेरी कुंपण, शेजारच्या जनावराचा खूर, वासराचे दांत किंवा अंगठा मुडपून धार काढण्याची खोड ह्यांमुळें सडास इजा होते. जखमेंत जंतु वाढतात, आणि छिद्रच दुखावलें असल्यास ते थेट कासेंत जातात.

जखम वरवरची असल्यास प्रथम आपले हात साबणानें धुवावे. नंतर सड कोमट स्वच्छ पाण्यानें धुवून स्वच्छ फडक्यानें टिपावा व पोव्हिडोन आयोडीनचें मलम लावावें. पुढील धारेपूर्वीं तें धुवून टाकावें. शेण, राख किंवा चुना लावूं नये. दूध उतरत नाहीं म्हणून छिद्रांत काडी अगर पीस घालणें तर सर्वस्वी त्याज्य होय. त्यायोगें बाहेरची घाण आपणच आंत पोंचवितों.

जखम खोल असून तींतून दूध झिरपत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां त्याच दिवशीं पशुवैद्यास आणावें. उशीर होईल तसतशी जखम सांधणें कठीण होतें.

कासेचे चार भाग एकमेकांपासून निराळे असतात. एका भागांतील जंतु दुसऱ्यांत नेतो तो बहुधा धार काढणाराचा हात. यास्तव दुखरा सड शेवटीं व निराळ्या भांड्यांत पिळावा. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घेऊन पाहाव्या. दुधांत गांठी, पाणचटपणा किंवा रक्त दिसल्यास, अथवा कास तापून कठीण झाल्यास काससुजी, म्हणजेच दगडी, झाली असें समजून विलंब न करतां पशुवैद्यास दाखवावें. औषध चालू असतां व त्यानंतर तो सांगेल तितके दिवस तें दूध माणसांस देऊं नये.

धार संपतांच पुढ्यांत वैरण टाकावी, म्हणजे जनावर अर्धा तास उभें राहतें व तेवढ्यांत छिद्र मिटतें. एका दिवसाच्या आळसापायीं सबंध वेताचें दुभतें जाऊं शकतें, हा हिशेब शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.