गोल करवत आणि आपली बोटे

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक सुतारदादा येत असत. पाटीवर अक्षर काढताना पेन्सिल डाव्या हातात धरीत. आम्हांला वाटले, डावखुरे असतील. पुढे कळले, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गोल करवतीने गेली होती.

ही करवत तुम्ही पाहिली असेल. लोखंडी टेबल, आणि टेबलाच्या फटीतून वर आलेले दातेरी पाते. ते विजेच्या मोटरवर फिरते. १० इंची पाते मिनिटाला २,९०० फेरे घेते असे धरा. मग त्याचा दात ताशी १३५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळतो. आपली एस.टी.सुद्धा एवढी पळत नाही! हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

दादा सांगत, "पात्यावर हात मी नेला नाही हो. लाकडानं नेला."

ते कसे, पाहा. पात्याच्या मागे एक उभी पोलादी पट्टी असते. लाकूड चिरले की पडलेली फट ती उघडी ठेवते. तिला आपण फटपट्टी म्हणू. कामात आड येते म्हणून दादांनी ती काढून ठेवली होती. फळी चिरता चिरता फट मिटली. पाते चिमटले. पात्याचे मागचे दात खालून वर येतात. त्यांनी फळी उचलून दादांकडे फेकली. फळीवर दाबलेला हात सरळ पात्यावर पडला.

तेव्हा फटपट्टी काढू नका. पात्यावरचे झाकणही काढू नका. दादांच्या दुकानात आता भिंतीवर खडूने लिहिले आहे, 'पट्टी काढू नये.' अक्षर डाव्या हाताचे आहे, पण वाचता येते.

करवत लावताना आधी मेन स्विच बंद करा. नुसत्या बटणावर विसंबू नका. फळी जिला टेकवून सरकवतात, ती बाजूची पट्टी पात्याला समांतर हवी. एका दाताला खडूने खूण करा. तो दात पुढे आणून पट्टीपर्यंतचे अंतर मोजा. मग तोच दात हाताने फिरवून मागे न्या आणि पुन्हा मोजा. मागचे अंतर कमी भरले, तर लाकूड तिथेच आवळले जाईल. पाते लाकडाच्या वर पाव इंचाहून जास्त नको.

चालवताना पात्याच्या रेषेत उभे राहू नका, जरा बाजूला राहा. हात पात्यापासून वीतभर अंतरावर आला की काढून घ्या. पुढचे काम खाच पाडलेल्या काठीने ढकलून करा. हातमोजे घालू नका. पुष्कळांना हे उलटे वाटते. पण मोजा दातात अडकला की हात आत ओढला जातो. गळ्यातला रुमालही काढून ठेवा. बटण बंद केले तरी पाते काही वेळ फिरतच असते. ते थांबेपर्यंत तुकडा उचलायला हात घालू नका.

एवढे करूनही बोट तुटलेच तर? जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, हात वर धरा. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट नुसते बर्फात टाकू नका. १०८ ला फोन करा, आणि बोट माणसाबरोबरच पाठवा. लवकर पोचले तर ते जोडता येण्याचा संभव असतो. दादांची बोटे त्या दिवशी भुशातच राहिली. कुणाला ठाऊकच नव्हते.