अंडाशयाचा कर्करोग : आजार, उपचार आणि सोबत



आम्ही डॉक्टर नाही. बँकेत लेखनिकाची नोकरी करणारे, कला शाखेचे एक साधे पदवीधर आहोत. मग वैद्यकीय विषयावर लिहिण्याचा आम्हाला काय अधिकार, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एवढेच की, आमच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्काला, मार्च २०२२ मध्ये अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून आम्हाला हा विषय शिकणे भाग पडले. आई गेल्यावर आक्कानेच आम्हाला वाढवले. त्या काळात आमच्या हातून चुकाही झाल्या. त्या चुका इतरांच्या घरी होऊ नयेत, हाच या लेखाचा हेतू आहे.

आजार कोणता?

स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय असते. आकाराने ते साधारण बदामाएवढे. पोटाच्या पोकळीत खोल असल्यामुळे त्यात गाठ वाढू लागली तरी बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही. पोकळीत जागा असल्याने ती बराच काळ दुखतही नाही. म्हणूनच पुष्कळ स्त्रियांमध्ये हा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात, म्हणजे पोटात इतरत्र पसरल्यावर कळतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या बायका 'पिशवीचा कॅन्सर' असा एकच शब्द सगळ्याला वापरतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेगळा आणि अंडाशयाचा वेगळा. पहिल्यासाठी पॅप तपासणी आहे. तिने अंडाशयाचा आजार कळत नाही. किंबहुना, काहीही त्रास नसलेल्या सर्वसाधारण स्त्रीसाठी अंडाशयाच्या कर्करोगाची खात्रीची चाळणी-तपासणी आज उपलब्ध नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे असा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. अशा तपासण्यांमुळे मृत्यूंची संख्या कमी झाली नाही, असे त्यात दिसून आले. तेव्हा लक्षणांकडे लक्ष देणे हाच मार्ग उरतो.

लक्षणे आणि आमची पहिली चूक

लक्षणे अगदी साधी असतात : पोट फुगणे, दोन घास खाल्ले की पोट भरणे, पोटात वा ओटीपोटात दुखणे, वारंवार किंवा घाईची लघवी होणे. असे त्रास प्रत्येकीला केव्हा ना केव्हा होतातच. फरक ओळखायचा तो असा : त्रास नव्याने सुरू झाला आहे, महिन्यातून बारापेक्षा अधिक वेळा होतो आहे आणि थांबत नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. पन्नाशी उलटलेल्या स्त्रीने तर नक्कीच.

आक्काचे वय तेव्हा त्रेपन्न. दिवाळीनंतर तिचे पोट फुगू लागले. आम्ही म्हणालो, फराळ बाधला. जवळच्या दवाखान्यातून तीन महिने पित्ताच्या गोळ्या आणल्या. हातापायाच्या काड्या झाल्या आणि लुगड्याची गाठ मात्र बसेना, तेव्हा भाचीने हट्ट धरला आणि सोनोग्राफी झाली. पोटात पाणी झाले होते.

पुढे सी.टी. स्कॅन आणि सी.ए. १२५ ही रक्ततपासणी झाली. सी.ए. १२५ चे प्रमाण साधारणतः ३५ च्या आत असते. आक्काचे एक हजाराच्या वर होते. परंतु केवळ या आकड्यावरून निदान होत नाही. पोटाच्या क्षयरोगातही तो वाढतो, आणि आपल्या देशात क्षयरोग पुष्कळ असल्याने दोहोंची गल्लत होऊ शकते. म्हणून पाण्याची आणि गाठीच्या तुकड्याची तपासणी झाल्यावरच निदान पक्के झाले. आजार तिसऱ्या टप्प्यात होता.

दुसरी चूक : लपवाछपवी

दाजी, आम्ही आणि आमची पत्नी, तिघांनी मिळून ठरवले की आक्काला सांगायचे नाही. 'साधी गाठ आहे, काढली की झाले,' एवढेच सांगायचे. आम्हाला वाटले, आम्ही तिला जपतो आहोत. मुंबईच्या रुग्णालयात पहिल्या दिवशी बाकावर बसल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "आरं, चौथीपर्यंत शिकलेय मी. दारावर काय लिहिलंय ते वाचता येतं मला. तुमी समदी मिळून मला येडी समजता व्हय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री तिने तीन प्रश्न विचारले. बरं होणार का? किती पैका लागंल? आणि माझ्या पोरीला बी होईल का? हे प्रश्न महिनाभर तिच्या मनात होते आणि विचारायला माणूस नव्हते, कारण सगळी माणसे खोटे बोलण्यात गुंतली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले : पूर्ण बरे होईल असे वचन देता येत नाही, पण या आजारावर औषध चांगले लागू पडते. आजार परत येऊ शकतो, आला तर पुन्हा उपचार करता येतात. आक्काने पदराने तोंड पुसले आणि विचारले, "मग सुरू कधी करायचं?"

विनयपिटकातील महावग्गात पोटाच्या विकाराने आजारी पडलेल्या भिक्खूची गोष्ट आहे. कोणी विचारीत नव्हते म्हणून तो घाणीत पडून होता. भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून अंथरुणावर निजवले आणि मग संघाला जाब विचारला. ही गोष्ट आपणांस ठाऊक असते. त्यापुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. चांगल्या रुग्णाचे आणि चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे प्रत्येकी पाच गुण तेथे सांगितले आहेत. रुग्णाने औषध घ्यावे, पथ्यात मर्यादा पाळावी, आणि आजार वाढतो आहे की उतरतो आहे हे सेवा करणाऱ्यास खरे सांगावे. सेवा करणाऱ्यास काय मानवते व काय मानवत नाही हे कळावे, त्याला उलटी-घाणीची किळस नसावी, त्याने लाभासाठी नव्हे तर मायेने सेवा करावी. रुग्णाने खरे बोलावे अशी अपेक्षा असेल, तर आपणही त्याच्याशी खरे बोलावयास नको काय?

उपचार कसे होतात?

या आजाराचे मुख्य उपचार दोन : शस्त्रक्रिया आणि औषधोपचार, म्हणजे केमोथेरपी. शस्त्रक्रियेत अंडाशये, गर्भाशय, पोटातील चरबीचा पडदा आणि दिसेल तेवढा सर्व आजार काढतात. आजार फार पसरला असेल तर आधी तीन वेळा केमो, मग शस्त्रक्रिया, नंतर पुन्हा तीन वेळा केमो असा क्रम ठेवतात. आक्काचे तसेच झाले.

पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही दोन औषधे साधारणतः दर एकवीस दिवसांनी शिरेतून देतात. विद्यार्थ्यांसाठी सांगतो : पॅक्लिटॅक्सेल हे पहिल्याने पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून मिळाले. अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता मिळाली.

औषध वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारते. त्यात रोगाच्या पेशींबरोबर केसांच्या मुळाच्या, तोंडाच्या आतल्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही सापडतात. म्हणून केस जातात, तोंड येते आणि पांढऱ्या पेशी घटतात. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत त्या सर्वांत कमी असतात. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हे वाक्य आम्ही कागदावर लिहून आक्काच्या दाराला चिकटवले होते. दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी रात्री दोन वाजता ताप १०१ झाला. दाजी गावी गेले होते. शेजारच्या रिक्षावाल्या मुलाने तो कागद रोज येता-जाता वाचलेला होता. त्याने कोणाला न विचारता रिक्षा काढली. वेळेवर सलाईनमधून औषधे सुरू झाली म्हणून आक्का वाचली, असे डॉक्टर म्हणाले.

सोबतीची वही

रुग्णासोबत राहायला माणूस लागतो, आणि नोकरदार घरात तेच नसते. आमची रजा दोन महिन्यांत संपत आली. तेव्हा वस्तीतील महिला मंडळाच्या भगिनी आल्या. आम्ही बँकेतल्या सवयीने दोनशे पानी वही घातली आणि रकाने आखले : तारीख, सोबत कोण, रक्ताचा अहवाल, औषध, खर्च. नऊ जणींनी पाळ्या वाटून घेतल्या. कोणी रुग्णालयात बसायचे, कोणी घरी पेज करायची, कोणी दाजींचा डबा द्यायचा. बँकेतील चार सहकाऱ्यांनी रक्त दिले.

भाचीने वहीत एक जादा रकाना आखला : 'आई काय म्हणाली'. आम्हाला तो निरर्थक वाटला होता. त्यात नोंदी अशा : 'भाताचा वास नको म्हणाली.' 'आज भाकरीचा पापुद्रा खाल्ला.' 'आरसा काढून ठेवा म्हणाली.' चौथ्या केमोनंतर तीन वेगवेगळ्या बायांच्या हस्ताक्षरात तीन दिवस एकच नोंद होती : 'पाय मुंग्यांनी भरलेत, चप्पल निसटली तरी कळत नाही.' आक्का डॉक्टरांना 'बरं हाय' एवढेच सांगत असे. भाचीने वही दाखवली. औषधामुळे नसांना इजा होत होती. डॉक्टरांनी पुढच्या वेळी औषधाचे प्रमाण कमी केले. त्या रकान्याची किंमत आम्हाला तेव्हा कळली.

सर्वच माणसे सारखी नसतात. काही नातेवाइकांनी आक्काचा कप वेगळा ठेवला. कर्करोग स्पर्शाने, ताटातून वा श्वासातून पसरत नाही, हे येथे स्पष्ट लिहितो. काही जण भेटायला येऊन आजवर कोण कोण याच आजाराने गेले त्याची यादी सांगत. अशा भेटीपेक्षा न आलेले बरे.

सोबतीने काय होते, काय होत नाही

१९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ८६ स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रिया दर आठवड्याला एकत्र बसून बोलत होत्या त्या अधिक काळ जगल्या, असे त्यात आढळले. जगभर आशा वाढली. परंतु २००१ साली कॅनडातील २३५ स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. दिसले ते हे : मन सावरले आणि वेदना कमी जाणवली, विशेषतः ज्या सुरुवातीला फार खचल्या होत्या त्यांना. यावरून घ्यावयाचा धडा सरळ आहे. सोबत हे औषध नव्हे. औषध सोडून नुसत्या धीरावर कोणाला ठेवू नये. पण सोबतीने दुःख हलके होते आणि औषध वेळेवर पोटात जाते.

रोझलिंड फ्रँकलिन या शास्त्रज्ञ बाईंचे नाव विद्यार्थ्यांनी वाचले असेल. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मे १९५२ मध्ये काढलेले क्ष-किरण छायाचित्र डी.एन.ए.ची रचना उलगडण्यास फार उपयोगी पडले. त्यांना १९५६ साली अंडाशयाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियांनंतर विश्रांतीच्या काळात स्नेह्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, आणि त्या पुन्हा प्रयोगशाळेत जाऊ लागल्या. १६ एप्रिल १९५८ रोजी, अवघ्या ३७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. परंतु मधली वर्षे त्यांनी विषाणूंवर काम करण्यात घालवली. आपल्या काळात अभिनेत्री मनीषा कोईराला यांना २०१२ मध्ये हाच आजार झाला. उपचारानंतर त्या त्याविषयी उघडपणे बोलल्या. नाव घेतल्याने आजार वाढत नाही, हे अशा माणसांमुळे पटते.

पैसा, प्रवास आणि वारसा

आक्काच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व केमो बसतात. रेशनकार्ड व ओळखपत्र पहिल्याच दिवशी बरोबर न्यावे. रुग्णालयातील समाजसेवा विभागात संकोच न करता जावे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगग्रस्तास रेल्वेच्या शयनयान वर्गात भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्यास ७५ टक्के सवलत मिळते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. बाहेरगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर : बहुतेकींना हा आजार वारशाने येत नाही. काही घराण्यांत मात्र बी.आर.सी.ए. या जनुकातील दोष पुढे चालत येतो आणि तो मुलीला तसाच मुलालाही मिळू शकतो. म्हणून रुग्णाच्या रक्ताची जनुकतपासणी करतात. आक्काची केली, तेव्हा दोष निघाला नाही. अहवालाच्या दिवशी भाची आमच्या बँकेत येऊन काउंटरपलीकडे उभी राहिली आणि नुसती मान हलवली. आम्ही त्या दिवशी हिशेब दोनदा चुकवला.

शेवटी

आक्काचे उपचार ऑक्टोबर २०२२ मध्ये संपले. चौदा महिन्यांनी आजार परतला. सहा महिन्यांहून अधिक काळाने परतलेल्या आजारावर बहुधा तीच औषधे पुन्हा चालतात. तिच्यावरही चालली. आता ती दर तीन महिन्यांनी तपासणीस जाते. पुढचे सांगता येत नाही आणि आम्ही ते तिच्यापासून लपवीतही नाही. तिने स्वतः भाचीच्या लग्नाची तारीख अलीकडे आणली.

वहीची पाने संपल्यावर आम्ही दुसरी घातली. पहिली वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्या घरी असा आजार येईल त्यांनी ती नेऊन रकाने उतरवून घ्यावेत. शेवटचा रकाना विसरू नये.

उजळणीसाठी प्रश्न

१. अंडाशयाच्या कर्करोगाची चार लक्षणे कोणती? ती केव्हा गंभीर समजावीत?
२. सी.ए. १२५ वाढले म्हणजे कर्करोगच, असे का म्हणता येत नाही?
३. केमोनंतर ताप आल्यास काय करावे व का?
४. आपल्या वस्तीत आज कोणी दीर्घ आजारी आहे काय? त्यांच्याकडे आपण शेवटचे केव्हा गेलो होतो?